टाकाच्या पाठीवरचा चेहरा

उचगावच्या आकारामाची पहिली बायको तानाबाई प्लेगात गेली. त्या वर्षी सगळं गाव घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहिलं होतं. मागं राहिली ती दोन वर्षांची बया. तिला सांभाळायला तानाबाईची आई, चिमणाबाई, जावयाच्या घरी आली आणि कायमचीच राहिली. वर्ष सरल्यावर आकारामानं नेसरीची धोंडुबाई करून आणली.

आमच्या भागात बिजवराशी लग्न लागलं, की बाईच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर सवतीचा टाक येतो. चांदीच्या पातळ पत्र्यावर बाईची आकृती उठवलेली असते. ती गेलेली पहिली बायको. नवी बाई तिला रोज हळदीकुंकू लावते, नवं लुगडं आधी तिच्यापुढं ठेवते आणि मग नेसते. मान राहिला की गेलेली बाई घराकडे वाकड्या नजरेनं बघत नाही, असं मानतात. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला ही नुसती समजूत वाटते. जिच्या गळ्यात टाक असतो तिला तसं म्हणून भागत नाही.

धोंडुबाईचा टाक हलका होता आणि सारखा उलटायचा. ती जमीन सारवायला वाकली, पाण्याची घागर घेऊन उठली, की आकृती आत आणि कोरी पाठ बाहेर. चिमणाबाईची नजर तिथंच असे. "ताना तोंड फिरवून बसली बघ," असं ती म्हणे. रागानं म्हणे असंही नाही. तिची मुलगी आता तेवढ्या पत्र्यातच उरली होती, आणि तिची पाठ दिसली की तिला गलबलून येत असावं. धोंडुबाई घाईनं टाक सरळ करी. पुढं पुढं ती एक हात छातीशी धरूनच कामं करू लागली.

अखेर आकाराम तिला कोल्हापुरात सराफांच्या गल्लीत, गुजरीत घेऊन गेला. तिथं इमाम पटवेकरी बसत असे. रेशमात आणि काळ्या पोतीत दागिने ओवून द्यायचे, हा त्याच्या घरचा पिढीजात धंदा. टाक तळहातावर तोलून तो म्हणाला की पत्राच इतका पातळ आहे, की कसाही ओवला तरी उलटणारच. मग थोडा विचार करून त्यानं आपल्या पेटीतून एक रुपया काढला.

राणीछाप रुपया. एका बाजूला मुकुट घातलेली राणी, नेहमीसारखी उठावाची. दुसऱ्या बाजूला रुपयाची अक्षरं, साल आणि भोवतीची वेलबुट्टी असते. इथं ती नव्हती. तिथं पुन्हा राणीच होती, पण आत गेलेली आणि उलट्या दिशेला बघणारी. ओल्या मातीत चेहरा दाबून अलगद उचलून घ्यावा, तसा खळगा. खजिन्यातून निघालेल्या नव्या करकरीत रुपयांत हा एक असा इमामच्या हाती आला होता. सराफांनी तो घ्यायला नकार दिला, म्हणून पेटीत पडून होता.

"ताई, ह्यो बांधा गळ्यात," इमाम म्हणाला. "कसाबी उलटू दे, तुमच्या सवतीचं तोंड लोकांकडंच ऱ्हाणार. हिला पाठच न्हाई."

लग्न झाल्यापासून धोंडुबाई त्या दिवशी पहिल्यांदा हसली, असं आकाराम पुढे सांगत असे.

शेजारच्या सोनारानं रुपयाच्या कडेला ओवण्यासाठी चांदीचं नाकं झाळून दिलं. झाळण ओघळलं होतं तेवढं कानशीनं घासून साफ केलं. इमामनं तो जुन्या टाकाच्या जागी पोतीत ओवला. घरी गेल्यावर चिमणाबाईनं तो मुकुट पाहिला आणि पदरानं डोळे टिपले. माझी ताना राणी झाली, एवढंच ती बोलली. रुपया जड होता. तो एकदाही उलटला नाही, त्यामुळं त्याची दुसरी बाजू चिमणाबाईच्या नजरेस कधी पडलीच नाही.

बयाला मात्र ती बाजू ठाऊक होती. धोंडुबाईच्या मांडीवर झोपताना ती टाक हातात घेई, त्याच्या मागच्या खळग्यात अंगठा ठेवी आणि तसाच डोळा लागे. तिची खरी आई तिला आठवत नव्हती. ती धोंडुबाईलाच आई म्हणायची. धोंडुबाईला स्वतःचं मूल झालं नाही, आणि त्याबद्दल ती कधी कुरकुरलीही नाही.

टाकाची सेवा मात्र तिनं मन लावून केली. रोज अंघोळ झाली की चिंचेचा कोळ आणि वस्त्रगाळ केलेली गोवरीची राख घेऊन ती टाक घाशी. सवतीचा चेहरा काळा पडू नये, निदान तिच्याकडून तरी पडू नये, एवढाच तिचा हेतू. अशी चार वर्षं गेली. तानाबाईचा मुकुट आरशासारखा लखलखत असे. शेजारणी म्हणत, सख्ख्या बहिणीला कुणी एवढं जपत नाही.

पाचव्या वर्षी पावसाळा सरता सरता बयाला ताप आला. उतरायचा, पुन्हा चढायचा. पोर वाळून काटकुळी झाली. गावच्या वैदूचे काढे झाले, दर्ग्याचा धागा झाला. आकाराम जोतिबाला जाऊन अंगारा घेऊन आला. काही फरक पडला नाही. अशाच एका दुपारी बया धोंडुबाईच्या मांडीवर ग्लानीत पडली होती आणि सवयीनं तिनं टाक उलटा करून अंगठा खळग्यात ठेवला होता. झोपेत हात सैल पडला. समोर बसलेल्या चिमणाबाईला टाकाची पाठ दिसली.

ती जवळ आली, वाकली आणि बराच वेळ बघत राहिली. आपल्या मुलीचा चेहरा चांदीत आत दाबलेला. तोंड उलट्या बाजूला.

"माझ्या लेकीला गाडलीया हिनं," ती म्हणाली. "गळ्यात बांधून गाडलीया."

संध्याकाळपर्यंत घरात दुसरं बोलणं नव्हतं. कुणीतरी मुद्दाम सवतीला उलटं दाबून बसवलं, तिचं तोंड पोटच्या पोरीकडून फिरवलं, आणि म्हणून पोर झिजतेय, असं चिमणाबाईचं म्हणणं. धोंडुबाई सांगत होती की रुपया जसा इमामनं दिला तसाच आहे, त्यात कुणी काही केलेलं नाही. आकाराम दोघींचं ऐकत उंबऱ्याशी बसला होता. तो तोंडाचा फटकळ, पण अन्याय करणारा माणूस नव्हता. शेवटी त्यानं तोड काढली. रुपया जाणत्या माणसाला दाखवायचा.

"टांकसाळीतनंच असा निघाला असंल तर ह्या घरात कुणी पुन्हा शबूद काढायचा न्हाई," तो म्हणाला. "आन् माणसाच्या हातचं काम असंल, तर धोंडे, तू नेसरीला जायाचं."

धोंडुबाई लगेच हो म्हणाली. तिला शंका नव्हती. बया झोपली आहे ना, एवढं बघून ती हलक्या आवाजात म्हणाली, "उद्याच जाऊ या. म्हंजे हिच्याजवळ निवांत बसायला येईल मला."

इमामला त्यांनी विचारलं तेव्हा त्यानं तेच सांगितलं, खजिन्याच्या रुपयांत तो असाच आला. पण देणारा तोच होता, त्यामुळं त्याच्या शब्दाला किती किंमत द्यायची असा प्रश्न होता. त्यानं स्वतःच लाटकर मास्तरांचं नाव सुचवलं.

लाटकर मास्तर महाद्वाराजवळच्या एका बोळात राहत. शाळेतून निवृत्त झालेले, विधुर, कमी बोलणारे. घरात पुस्तकं आणि जुनी नाणी. शिवराई, होन, कुठल्या कुठल्या राज्यांचे झिजलेले पैसे इमाम त्यांना आणून देई. मास्तर ते भिंगातून बघत आणि जे समजलं त्यापेक्षा न समजलेलंच अधिक सांगत. स्वतःच्या ज्ञानावर त्यांचा फार भरवसा नव्हता. त्याला एक कारणही घडलं होतं. जोतिबाच्या चैत्री यात्रेत त्यांनी एकदा दोन्ही बाजूंना राणी असलेला रुपया विकत घेतला होता. टांकसाळीची दुर्मीळ चूक सापडली, असं समजून तो मित्रांना दाखवत फिरले. त्यांतल्या एकानं तो निखाऱ्यावर धरला, तर रुपयाचे दोन पापुद्रे होऊन चिमट्यातून खाली पडले. कुणा कारागिरानं दोन रुपये अर्धे अर्धे घासून एकमेकांना चिकटवले होते. यात्रेत असली गमतीची नाणी विकायला येत, हे मास्तर सोडून सगळ्यांना माहीत होतं. तो हशा ते विसरले नव्हते.

आकाराम आणि इमाम ओसरीवर बसले. धोंडुबाई पायरीखाली उभी राहिली. टाक पोतीतून सोडवावा लागला, तेव्हा तिनं गळ्याची रिकामी जागा पदरानं झाकून घेतली. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. परक्या बाईशी बोलायचं म्हटलं की त्यांची जीभ अडखळे. जे विचारायचं ते त्यांनी आकारामला विचारलं.

काय पणाला लागलं आहे, हे इमामनं त्यांना आधीच सांगितलं होतं.

त्यांनी रुपया काट्यात घातला. रुपया असतो तोळ्याचा, हा थोडा जास्त भरला. नाक्याचं वजन आहे, त्यांनी मनाशी म्हटलं, हा पुरावा धरायचा नाही. दगडी पायरीवर वाजवला तर बद्द आवाज आला. झाळलेलं नाणं वाजत नाही, हेही सोडून द्यायचं. कडेच्या दात्यांवर कानशीचे ओरखडे होते, तेही नाक्याजवळच. सोनारानं केले असतील. खळग्याच्या तळाशी जुन्या अक्षरांचा, वेलबुट्टीचा काही माग राहिलाय का, हे त्यांनी भिंगातून पुन्हा पुन्हा पाहिलं. एका रुपयावर दुसरा ठेवून चापात दाबला, तर असा माग राहतो. इथं काही नव्हतं. ही गोष्ट बाईच्या बाजूची होती. त्यांना बरं वाटलं. टांकसाळीत कधी कधी एक नाणं ठशातच अडकून बसतं आणि पुढची चकती त्याच्यावरच ठोकली जाते, मग त्या अडकलेल्या नाण्याचा चेहरा तिच्या पाठीत आत उमटतो, असं त्यांनी वाचलं होतं. हे तसंच असावं. पण यात्रेतल्या रुपयाच्या वेळीही त्यांना असंच बरं वाटलं होतं.

म्हणून त्यांनी आणखी एक परीक्षा केली. लाखेची कांडी दिव्यावर धरली आणि मऊ लाखेवर रुपयाच्या दोन्ही बाजूंचे ठसे शेजारी शेजारी घेतले. लाख थंड झाल्यावर भिंग धरलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

पुढच्या बाजूची राणी जवळजवळ पुसली होती. नाक सपाट, केसांची वळणं गेलेली, मुकुटाच्या जागी नुसता उथळ खळगा. मागच्या खळग्यातून उठलेली राणी मात्र कालच घडवल्यासारखी होती. केसांची प्रत्येक बट, झग्यावरचं नक्षीकाम, पापणीसुद्धा. दोन्ही तोंडं एकाच दिवशी जन्मली असती, तर दोघींच्या वयात एवढा फरक कसा? पुढची बाजू जुनी. मागची नवी. आधी अक्षरं घासून सपाट केली असतील आणि मग नवा रुपया दाबला असेल. ही युक्ती त्यांना स्वतःला सुचली होती, कुठल्या पुस्तकात वाचलेली नव्हती. क्षणभर त्यांचा स्वतःवर विश्वास बसला. असं फार वेळा होत नसे.

"टांकसाळीचं काम दिसत नाही," ते आकारामला म्हणाले. "मागचं तोंड नंतर केलेलं असावं. अर्थात, माझं चुकतही असेल."

इमाम उठून उभा राहिला. "नंतर म्हंजे कुणी केलं, मास्तर? मी? मला दोऱ्याला गाठ मारण्याबिगर काय येतंय का?"

मास्तरांनी मान खाली घातली. मी कुणाचं नाव घेत नाही, असं ते पुटपुटले. आकारामानं रुपया घेतला आणि बंडीच्या खिशात टाकला. बायकोच्या हातात दिला नाही.

पायरीखालून धोंडुबाईचा आवाज आला. "मास्तरांनी नीट बघितलं न्हवं?"

"बघितलं," आकाराम म्हणाला.

तेव्हा कुठं मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं पदर गळ्याशी घट्ट धरला होता. बोटांच्या पेरांत राखेच्या काळ्या रेघा होत्या, भांडी घासणाऱ्या कुठल्याही बाईच्या असतात तशा. ती वळून नवऱ्यामागून चालू लागली.

पुढचे काही दिवस मास्तरांचं वाचनात लक्ष लागलं नाही. आपण सांगितलं ते बरोबर होतं, असं ते स्वतःला बजावत. दोन्ही ठसे असलेली लाख त्यांनी टेबलावरच ठेवली होती.

एका सकाळी ते पूजेला बसले. पाण्याचा तांब्या त्यांच्या बायकोच्या माहेरून आलेला. लग्नात दिला तेव्हा त्याच्या पोटावर राघूंची रांग उठवलेली होती आणि गळ्याखाली बायकोचं नाव कोरलेलं होतं. तांब्या उचलता उचलता त्यांचा हात थांबला. राघू राहिलेच नव्हते. जिथं ते होते तिथं गुळगुळीत पितळ होतं, बोट फिरवलं तर जेमतेम लागणारं. नाव मात्र ठळक होतं. एकेक काना, एकेक मात्रा धारदार. रोज राखेनं घासून घासून वर आलेलं सगळं झिजलं होतं, आणि आत कोरलेल्यापर्यंत राख पोचलीच नव्हती.

राघू आणि नाव एकाच दिवसाचे होते.

ते तसेच उठले. लाख खिडकीशी नेली, भिंग लावलं. आता कुठं बघायचं ते त्यांना कळलं होतं. झिजलेल्या राणीकडे न बघता त्यांनी कडेजवळची, कमी घासली गेलेली जागा पाहिली. मागच्या ताज्या राणीच्या हनुवटीखालून कडेपर्यंत केसाइतकी बारीक रेघ गेली होती. ठशाला तडा गेला की त्यातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर अशी रेघ येते. पुढच्या पुसट राणीच्या हनुवटीखाली कडेजवळ त्याच रेघेचा तुकडा होता. तीच जागा, आरशात दिसावा तसा तोच बाक. दोन्ही चेहरे एकाच ठशाचे. टांकसाळीत एकामागोमाग एक पडलेल्या दोन घावांचे.

त्या बाईनं चार वर्षं घासलं, म्हणून ती दोषी ठरली. टाक कशानं घासता, हा एक प्रश्न त्यांनी विचारला असता तर एवढं झालं नसतं. ती दोन हातांच्या अंतरावर उभी होती.

लाख रुमालात गुंडाळून ते उचगावला गेले. असल्या कामासाठी अनोळखी घरी जायची त्यांची ही पहिलीच वेळ, आणि वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. आकारामाच्या सोप्यात बया बसली होती. मांडीवर वाटी, वाटीत दूधभात, समोर चिमणाबाई. पोरीच्या तोंडावर तजेला आला होता. मास्तरांना खूप आनंद झाला, आणि त्या आनंदातच पुढं काय ऐकायला मिळणार हे त्यांच्या ध्यानात आलं.

धोंडुबाई नेसरीला गेल्यानंतर दोन-तीन दिवसांत ताप उतरला होता. आकारामानं त्यांना परड्यात नेऊन सांगितलं. टाक त्यानं गुजरीत वितळवून घेतला होता. त्या चांदीचा साधा पत्र्याचा टाक केला आणि देव्हाऱ्यात ठेवला. मास्तर रुमाल सोडू लागले. रेघ, राख, तांब्यावरचे राघू, सगळं एकदम सांगू लागले आणि अडखळले. आकारामानं त्यांच्या हातावर हात ठेवला.

"मास्तर, पोरगी उठून बसली," तो म्हणाला. "आता ह्येच्यावर काय सांगू नगासा."

"पण त्या बाईंचा काही दोष नाही हो."

आकारामानं तोंड गोठ्याकडे वळवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी कुठं म्हणतोय दोष हाय म्हणून," तो म्हणाला. "पर तिला आणली, आन् हिला परत ताप आला तर?"

ताप पुन्हा येणार नाही, हे कोण छातीठोकपणे सांगणार? निघताना बयानं त्यांना हाक मारली आणि विचारलं की आईला कुठं ठेवलीय ते तुम्हाला ठाऊक आहे का. चिमणाबाईनं तिच्या तोंडात घास भरला.

तरी मास्तर नेसरीला गेले. गडहिंग्लजपर्यंत एका व्यापाऱ्याच्या बैलगाडीतून, पुढं चालत. त्या वयात हा प्रवास त्यांना झेपण्यासारखा नव्हता. काय बोलायचं ते त्यांनी वाटेत कितीतरी वेळा मनाशी घोळवलं.

धोंडुबाई भावाच्या दारात भात पाखडत होती. मास्तरांना ओळखून तिनं सूप खाली ठेवलं, आत जाऊन पाणी आणलं. ती वाळली होती. एक हात अजून छातीशी जात होता आणि तिथं काही नाही हे कळून खाली येत होता. तिनं पहिलं विचारलं ते हेच, की बयाला बघून आलात का.

मास्तरांनी सांगितलं की ती दूधभात खात होती.

"व्हय, निरोप आलाय मला," ती म्हणाली. "मी इकडं आले आन् पोरगी उठली." ते सांगताना तिचा चेहरा उजळला. घर सुटल्यापासून तिच्याकडं धरून राहायला एवढंच होतं, हे मास्तरांना दिसलं. खिशातली लाख त्यांना एकदम जड वाटली. ती बाहेर काढली, तर तिचं निर्दोषपण तिला परत मिळेल, आणि आपण घर सोडल्यानं पोर वाचली ही समजूत जाईल. दोन्हीपैकी काय द्यावं, हे त्यांना ठरवता येईना. काहीच न बोलता परत जावं, असंही वाटलं. पण इतकी वाट ते खरं सांगण्यासाठी चालून आले होते. त्यांनी रुमाल सोडला.

या वेळी त्यांनी नीट सांगितलं. तिच्याकडे बघून सांगितलं. तिनं लाख हातात घेतली, हनुवटीखालची रेघ दाखवली तिथं पाहिलं. तिला ती दिसली की नाही कोण जाणे. मग बराच वेळ ती त्या ताज्या, न झिजलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"तानाताई अशी हुती व्हय," ती हळूच म्हणाली. "मला ठावंच न्हवतं. मी घासून घासून समदं पुसून टाकलं." मग तिनं मान वर केली. "त्या दिशी तुमीच म्हणालासा, माझं चुकत असंल म्हणून. मग आज चुकत नसंल कशावरनं?"

हा प्रश्न मास्तरांनीच स्वतःला आयुष्यभर विचारला होता.

"न्हाई, मी दोष देत न्हाई तुमास्नी," ती म्हणाली. "पर आता हे खरं असलं तरी मला नगं. मी तिकडं गेले, आन् पोरगीला काय झालं, तर मी कुठल्या तोंडानं जगू? हितंच बरी हाय मी." तिनं लाख त्यांच्या रुमालात परत गुंडाळली, वर गाठ मारली आणि त्यांच्या हातात दिली. "हे घरात ठेवू नगा, मास्तर. तुमच्याबी न्हाई. वाटंत हिरण्यकेशी लागंल, तिच्यात सोडा. ताईचं तोंड पुन्हा कुठं दाबून पडायला नगं."

सोडीन, असं त्यांनी कबूल केलं. निघताना तिनं एवढंच सांगितलं, की बयाच्या डोक्यात फार गुंता होतो, विंचरताना केस मुळाशी धरायचे, नाहीतर ती रडते. हे चिमणाबाईला कळवा. मास्तर हो म्हणाले. उचगावला पुन्हा जायचं धाडस आपल्याला होणार नाही, हे त्यांना तेव्हाच माहीत होतं.

गडहिंग्लजला नदीशी ते बराच वेळ उभे राहिले. धोबी कपडे आपटत होते, म्हशी पाण्यात बसल्या होत्या. लाख पाण्यात गेली की त्या रुपयाची एकही खूण राहणार नव्हती. रुपया वितळला होता. उरला होता हा एवढा पुरावा. त्या बाईला एकदा चुकीचा शब्द दिला होता. आता दिलेला तरी पाळावा, असं त्यांना वाटलं. त्यांनी रुमालाची गाठ सोडली, आणि न बघता लाख पाण्यात टाकली.

ती लगेच बुडाली.

गाडी सुटून गाव मागं पडल्यावर त्यांच्या मनात पहिल्यांदा आलं, की पुढच्या राणीच्या हनुवटीखाली ती रेघ खरंच होती का? की मागची पाहिल्यावर ती तिथं असावी असं वाटलं, म्हणून दिसली? खिडकीशी उजेड तिरपा होता. त्यांचे डोळेही आता पूर्वीसारखे राहिले नव्हते. त्यांनी डोळे मिटून लाख आठवून पाहिली. कधी रेघ दिसे, कधी दिसत नसे. बैलांच्या घुंगरांचा आवाज चालू होता. कोल्हापूर येईपर्यंत ते पुन्हा पुन्हा आठवत राहिले, आणि दर वेळी चेहरा आणखी थोडा पुसट होत गेला.